उजव्या कडेची व्यक्ती

४ फेब्रुवारी

नाही, आधी माझं ऐकून घे. तू मला माझ्याच हाताने पुसायला लावलंस ताई, आणि वर आभार म्हणून पिवळं फूल चिकटवलंस. चमचमणारं. पाकळ्या हलतात तसलं.

आता 'कसलं पुसलं, कुठलं फूल' असला साळसूदपणा नको. ग्रुपवरची 'पाहुणी' तूच आहेस. काल ग्रुपवर अल्बमचं सातवं पान तू टाकलंस आणि त्यात तुझं तोंड आहे, बाबांचं तोंड आहे. फक्त माझं नाहीये. कारण ते मी काढलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. म्हणजे नंतर तुला 'मला बाई काही कळलंच नाही' म्हणता येणार नाही.

आमचा ग्रुप चिकटवहीवाल्यांचा आहे. फोटो, मागे रंगीत कागद, रिबिनी, बटणं, पण सगळं कॉम्प्युटरवर. त्यातलं काही हातात येत नाही, म्हणूनच बहुतेक सगळ्यांनी नावं घट्ट हातात धरायच्या वस्तूंची घेतलीत. डिंक आहे, टाचणी आहे, सेफ्टीपिन आहे. मी कात्री. ग्रुप मोठ्या काकू चालवतात, त्यांना दुसरं नाव घ्यायची गरजच पडली नाही. कोणी विचारलं की 'रिबिनीखाली सावली कशी द्यायची', तर दुपारपर्यंत ढीगभर उत्तरं येतात, आणि एक तरी बाई आपली आख्खी फाइल उघडून देते: घ्या, चित्राचे थर उलगडून बघा, लागेल ते वापरा. मला आवडतं तिथे. कोणी कोणाला घरचं विचारत नाही.

आणि बुधवारी पुसापुशी असते. फोटोतून जे नको असेल ते काढून मागायचं. विजेची तार, कचऱ्याचा डबा, माणूस. माणूस असेल तर पद्धत ठरलेली. पूर्ण फोटो पाठवायचा नाही, तेवढाच तुकडा कापून पाठवायचा. काढायच्या माणसावर आधीच राखाडी रंग फासायचा. आणि जो काम घेईल त्याने कोण होतं ते विचारायचं नाही. टाचणीने एकदा 'नवरा का हो?' म्हणून विचारलं होतं, तर मोठ्या काकूंनी तिला आठवडाभर बोलू दिलं नाही.

तर तुझा तुकडा आला. लोखंडी कठडा, मागे पोपडे धरलेली भिंत, डावीकडे चौकड्याच्या बाहीचं टोक, आणि उजवीकडे राखाडी ढग. खाली तू लिहिलेलं, 'उजव्या कडेची व्यक्ती काढून द्यावी. शक्यतो कात्रीलाच द्या.'

मी लिहिलं, 'घेतलं.'

तुला माहितीये मी किती मन लावून केलं? शेजारचा गज उचलून पुढे पुढे छापत गेलं तर काम चहा उकळायच्या आत होतं. पण मग प्रत्येक गजावर तोच गंज येतो, तोच डाग त्याच उंचीवर. डोळ्याला कळत नाही, पण मनाला कळतं की काहीतरी खोटं आहे. म्हणून मी एकेक गज वेगळा काढला. एकावर थोडा जास्त गंज, एक जरासा वाकलेला. भिंतीचे पोपडे हाताने केले. डिंकने लिहिलं, 'कात्रीबाई, तुमच्या हातांची दृष्ट काढा.' मी खूश होते गं. दोन दिवस खूश होते.

मग तू आख्खं पान टाकलंस. बाबा खुर्चीत, तू मागे उभी, चौकड्याचा शर्ट. बाबांच्या फोटो स्टुडिओच्या मागचा व्हरांडा. तो कठडा मला तुकड्यात ओळखू आला नाही, कारण त्या कठड्याला मी कधी समोरून बघितलेलंच नाही. मी कायम त्याला टेकून उभी असायचे. तेव्हाही होते. ओले केस, तुझी जुनी चप्पल.

एकेक करून काढलेले ते गज, ताई, माझ्या पोटातून गेलेत.

पानाखाली तू लिहिलंयस, 'बाबांना रोज दाखवायचा अल्बम. म्हणजे माणसं विसरणार नाहीत.' बाबा विसरायला लागलेत हे मला असं कळलं. ग्रुपवर. फुलाच्या शेजारी.

आता मला एवढंच सांग. ज्या अल्बममुळे बाबा माणसं विसरणार नाहीत, त्यातून तू मला का काढतेयस? आणि माझ्याच हाताने का?

तुझा नंबर मी अजून बंदच ठेवलाय. पत्ता तू घर बदललंस तेव्हा एका ओळीत पाठवला होतास, त्यावर हे टाकतेय. उत्तर द्यायचं तर ग्रुपच्या इनबॉक्समध्ये दे. पाहुणी ते कात्री.


९ फेब्रुवारी

'तू कात्री आहेस हे मला माहीत नव्हतं.'

बस? एवढंच? नळाला पाणी आलं नाही म्हणून तुझ्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोक तणतणत येतात, त्यांना तू अशीच उत्तरं देतेस का? 'आपली तक्रार नोंदवली आहे.'

माहीत नव्हतं तर 'कात्रीलाच द्या' कशाला लिहिलंस?

मी सरळ माणूस राहिलेले नाही, हे तुला सांगून ठेवते. मी सेफ्टीपिनला गाठलं. तिच्याशी माझं बऱ्यापैकी जमतं, शेडिंगवरून रोज भांडतो आम्ही.

"काय गं, ही पाहुणी कोण?"

"का? भांडलीस?"

"नाही, सहज."

"सहज कोणी विचारत नाही. सहजवाले नुसतं अंगठ्याचं चित्र टाकून जातात."

"बरं, सहज नाही. कशी वाटते तुला?"

"रिबिनी वाकड्या लावते. बटणांचा तर खच पाडते. पण माणूस सरळ वाटतो."

माणूस सरळ वाटतो! मला हसूच आलं.

मग मी मागे मागे गेले. पाहुणीने आत्तापर्यंत जे जे मागितलं ते सगळं काढलं. सातव्या पानाच्या आधी तुझे आणखी तीन तुकडे निघाले. तिन्ही मीच घेतलेले. माझ्या कामाच्या फाइली मी टाकून देत नाही, बुटांच्यासुद्धा ठेवते. (तुला माहीत नसेल. मी सध्या एका दुकानासाठी बुटांचे फोटो साफ करते. बुटामागची फरशी काढायची, बुटावरची धूळ काढायची, बूट पांढऱ्यात तरंगता ठेवायचा. बाबा पेन्सिलीने निगेटिव्हवर बायकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचे, मी चामड्यावरच्या सुरकुत्या घालवते. घराण्याचं नाव राखलंय.)

तर तुकडे उघडले. एक शाळेचं फाटक. एक तुझ्या लग्नातल्या स्टेजची कड. आणि तिसरा सायकल. सायकलची मागची सीट, तिच्यावर राखाडी ढग. मला आठवतंय, त्या कामात चाकाचे स्पोक भरताना माझी मान आखडली होती. ती सायकल बाबांची आहे. पुढे बाबा असणार, तू कापलेले. मागच्या सीटवरून मीच मला उतरवलं, आणि स्पोक किती छान आलेत म्हणून मोठ्या काकूंची शाबासकी घेतली.

म्हणजे एक नाही, चार वेळा. चार वेळा योगायोग होत नाही.

मला वाटतं तू ओळखलंस. कधीतरी, कशावरून तरी. आणि मग तुला मजा वाटली. तिची तीच निघून जातेय तर आपण कशाला हात खराब करा. मी घर सोडलं तेव्हाही तेच केलंस तू. बाबा दारात उभे राहून 'माझं भिंग हिने चोरलं, चोर आहे ही' म्हणून ओरडत होते. स्टुडिओतलं ते जाड काचेचं भिंग, जे मी लहानपणापासून पुसून ठेवायचे. आणि तू? तू दूध उतू जाईल म्हणून आत गेलीस. मी बॅग भरली तरी तुझं दूध तापतच होतं.

किती दूध होतं गं ते?


१२ फेब्रुवारी

तुझा मोठा मेसेज वाचला. परत परत वाचला. आता मी तुझंच तुला वाचून दाखवते, आणि मधे मधे बोलते. तुला आवडत नाही हे माहितीये.

तू म्हणतेस, 'तो दिवस आजाराची सुरुवात होती, मला तेव्हा कळलं नाही, तुलाही कळलं नाही.' इथवर ठीक. मला आता थोडं कळतंय.

तू म्हणतेस, 'भिंग त्याच आठवड्यात त्यांच्या कोटाच्या खिशात सापडलं. मी तुला फोन करत होते, तू नंबर बंद केला होतास.' हेही खरं असू शकतं. खरं असू शकतं, एवढंच म्हणतेय मी.

तू म्हणतेस, 'अल्बम बनवला तेव्हा तू सगळ्या पानांत होतीस. तुझा फोटो आला की ते उठतात. चोर चोर करत कपाटं ओढून बघतात, कुलपं लावतात, थरथरतात. त्या दिवशी जेवत नाहीत. एका पानातून तुला काढून बघितलं, तर त्या दिवशी दोन वेळचं नीट जेवले. मग काय करायचं होतं मी?'

इथे मी थांबले. बूट साफ करायला घेतले. एका बुटाची नाडीच पुसून टाकली. दुकानवाल्याचा फोन आला, "मॅडम, हा बूट पायात राहायचा कसा?"

आणि मग शेवटी तू म्हणतेस, 'पहिला तुकडा आला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरा आला तेव्हा कळलं. स्टेजच्या पडद्याची एकही चुणी दुसरीसारखी नव्हती. असं काम करणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याने एकालाच शिकवलं. म्हणून पुढे कात्रीलाच मागत राहिले. तुझा चेहरा ठेवता येत नव्हता गं. हात तरी ठेवला.'

वाक्य फार छान आहे.

पण तू वाक्यं छान करतेस. तोच तुझा पगार आहे. नळ कोरडा असलेला माणूससुद्धा तुझ्या टेबलावरून 'थँक्यू मॅडम' म्हणून जातो, हे तूच एकदा हसत सांगितलं होतंस. आणि आधीच्या मेसेजात 'माहीत नव्हतं', आता 'दुसऱ्या तुकड्यापासून माहीत होतं'. तीन दिवसांत साक्ष बदलली. मी कुठल्या साक्षीला धरू?

कसं असतं माहितीये का? मी फाइल उघडते तेव्हा वरवर जे दिसतं त्यावर विसंबत नाही. प्रत्येक थर बंद करून बघते, उघडून बघते. हा काढला तर खाली काय आहे? तुझ्या मेसेजचं मी तेच केलं. आजाराचा थर काढला, तर खाली तू रागावलेली आहेस, मी सगळं तुझ्या एकटीवर टाकून निघून गेले म्हणून. तो राग तू एकाही ओळीत लिहिला नाहीस. मला त्याचाच संशय जास्त येतो. लिहिला असतास तर मी विश्वास ठेवला असता.

मला बाबांच्या तोंडून ऐकायचंय. चोर तर चोर. पण त्यांनी म्हणायला पाहिजे, तू सांगून नाही चालणार. ते मला खरंच ओळखून चोर म्हणत असतील तर मी परत तोंड दाखवणार नाही. आणि म्हणत नसतील, तर मग तुझी खैर नाही.

मी मंगळवारी येतेय. तू कामावर असशील तेव्हा. तुला विचारत नाहीये. हे पत्र या वेळी कुरियरने नाही, साध्या टपालाने टाकतेय, म्हणजे ते तुझ्या हातात पडेल तोवर मी येऊन गेलेली असेन. हो, मुद्दाम.


१७ फेब्रुवारी, तुझ्या स्वयंपाकघरात

कागद तुझाच घेतलाय. फ्रीजवरच्या वहीतला. बाकी कशाला हात लावलेला नाही, बाबांजवळ दिवसभर असतात त्या मावशी साक्षीला आहेत.

मावशींनी दार उघडलं तेव्हा मी म्हटलं, अल्बमचं काम करते ती मी. त्या म्हणाल्या, "ताई काही बोलल्या नाहीत." मी म्हटलं, "ताईंना वेळ कुठे असतो?" यावर त्यांचं आणि माझं लगेच जमलं. तुझ्या जिवाला किती घोर आहे, तू डबा विसरून जातेस, आंघोळीच्या वेळी बाबा तुला कसं दटावतात, सगळं त्यांनी चप्पल काढेपर्यंत सांगून टाकलं.

आल्या आल्या मी तुझं घर तपासलं. लाज नाही वाटली. तू खोटं बोलतेयस हे मला सिद्ध करायचं होतं. पण कपाटाला कुलूप, कपाटाशेजारच्या छोट्या कपाटाला कुलूप, आणि साखरेच्या डब्याला रबरबँड लावून खाली चिठ्ठी: 'हात लावू नये.' बाबांचं अक्षर. साबणाच्या वडीवरसुद्धा चिठ्ठी होती ताई, भिजलेली. मावशी म्हणाल्या, "माझ्या चपलेवर पण आहे बघा." खरंच होती.

तेव्हा माझा अर्धा खटला पडला.

बाबा खिडकीशी बसले होते. केवढे लहान झालेत. मांडीवर तुझा अल्बम, छापून आणलेला. मी दारातच उभी राहिले. ओरडले की लगेच वळून जायचं, असं ठरवून एक पाय बाहेर ठेवला होता.

त्यांनी बघितलं माझ्याकडे. नीट, वरपासून खालपर्यंत.

"विजेचं बिल का?"

"नाही. अल्बम बघायला आलेय."

"मग आत या की. दारात उभं राहून अल्बम दिसतो होय?"

मी बसले. ते पानं उलटत होते, मला माणसांची ओळख करून देत होते. ही मोठी मुलगी. ही तिची शाळा. हा मी, केस होते तेव्हा. प्रत्येक पानावर तुझी बटणं. बटणांवरून हात फिरवून म्हणाले, "ही उगाच आहेत. फोटोत दम नसला की बटणं लावतात." मला हसू दाबता येईना.

मग सातवं पान. ते नाक टेकेपर्यंत वाकले. मला वाटलं, झालं, आता.

"हे कोणी केलंय?"

"मी."

"इथे कोणीतरी होतं."

मी म्हटलं, "कशावरून?"

"कामात चूक नाही. गज फार छान काढलेत, एकासारखा एक नाही, छापाछापी केलेली नाही. पण ही दोघं बघ. फोटो काढणारा वेडा होता का, दोघांना असं डावीकडे ढकलून उजवीकडे रिकामा कठडा ठेवायला? त्याने तिसऱ्यासाठी जागा सोडली होती." बोटाने त्यांनी ती जागा दाखवली. बरोबर माझ्या छातीवर. "हे पुसून जात नाही. माणूस काढता येतो, सोडलेली जागा काढता येत नाही. मग कड कापून टाकायची, म्हणजे कळत नाही. पण कापायची छाती झाली नाही कोणाची. कोण होतं?"

"माहीत नाही. आमच्याकडे विचारत नाहीत."

"चांगलं करता. आम्हीही विचारत नव्हतो."

मावशींनी पाणी आणून दिलं. मग बाबांनी माझा हात उचलून उलटासुलटा करून बघितला, बाजारात भाजी बघतात तसा.

"तुझ्यासारखा हात असलेली एक पोरगी होती माझ्याकडे. आणखी पाच वर्षं टिकली असती तर माझ्या पुढे गेली असती."

"मग?"

"मी काहीतरी बोललो तिला. भलतंच काहीतरी. आली नाही परत."

"काय बोललात?"

"ते आठवत नाही. तिचं तोंड उतरलेलं आठवतं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पीं पीं करत होती, आणि मला मनापासून वाटत होतं की ती अशीच करत राहावी.

"तू येशील का कामाला?" बाबा म्हणाले. "पगार फार नाही देता येणार. हल्ली गिऱ्हाईक कमी झालंय."

"येईन."

"उद्यापासून ये. दहाला. उशीर चालणार नाही. आणि घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची, मला शोधायला लावायचं नाही."

"हो."

"हो काय? सर म्हण."

"हो सर."

तर ताई, उद्या दहाला मी येतेय. कामाला. बुटांचं संध्याकाळी बघेन. मुलगी म्हणून ओळख करून देऊ नकोस, तुझ्या त्या छान वाक्यांतलं एकही वाक्य खर्चू नकोस. अल्बममध्ये मला परत चिकटवायला जाऊ नकोस, आणि ती कड कापू पण नकोस. त्यांना ती जागा दिसते, ते पुरे आहे सध्या. एखाद्या दिवशी माझं तोंड बघून ते चोर म्हणतील, तर म्हणू देत. मी दुसऱ्या दिवशी परत दहाला येईन. नवीन मुलगी म्हणून.

आणि तू हात ठेवलास की फुकटात काम करून घेतलंस, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुझ्यावरचा माझा संशय चालू आहे. तूही माझ्यावर रागाव, लेखी दे, उघड दे. मी वाचेन.

मावशी खिडकीतून बघून सांगतायत, ताई गेटपाशी दिसतायत, आज लवकर आल्या, थांबा की, चहा टाकते.

नाही थांबत. तू वर येशील, दारात मला बघशील, तू काहीतरी बोलशील, मी काहीतरी बोलेन, आपला आवाज चढेल, बाबा बाहेर येऊन विचारतील काय चाललंय, आणि माझी नोकरी सुरू व्हायच्या आधीच जाईल. तुझ्याकडे लिफ्ट आहे. मी जिन्याने निघाले.